नऊ-सहाचा पंखा

९ जानेवारी

चि. बारक्या,

तुझं कार्ड दुकानाच्या पत्त्यावर आलं. वर 'व्यवस्थापक महोदय', खाली सही नाही, नुसता पत्ता. व्यवस्थापक महोदय म्हणजे मीच रे! एकोणीस वर्षांनी चार ओळी लिहिल्यास आणि मला महोदय करून मोकळा झालास. तुला वाटलं असेल, दुकानात कोणी पगारी माणूस असेल, तो कार्ड वाचेल आणि मुकाट्याने पंखा पाठवेल. इथे पगारी माणूस नाही. मी आहे आणि अण्णा आहेत. आणि तुझं अक्षर मी शाळेपासून गिरवून घेतलेलं आहे, ते मला कळणार नाही होय?

तू विचारलंस की चाळीसचं नवं इंजिन आहे, शिकाऊ मॉडेल विमान आहे, जरा जड झालंय, मैदान लहान आहे आणि एका टोकाला झाडं आहेत, तर पंखा कोणता लावावा. हे तू विचारावंस? शेजारच्या मैदानावर उडणाऱ्या विमानाचा नुसता आवाज ऐकून 'त्याला पंखा छोटा पडलाय' म्हणणारा तू. पण असो. शेवटी 'मुलीसाठी, वय तेरा' असं लिहिलंस. मला भाची आहे हे मला मागणीच्या कार्डावरून कळलं. बरं झालं तेवढं तरी लिहिलंस.

तिला वाचून दाखवता यावं म्हणून सोपं करून लिहिते. पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला लांबीचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत किती इंच. दुसरा पिचचा, म्हणजे एका फेरीत पंखा हवेतून किती इंच पुढे सरकायला बघतो तो. चाळीसच्या इंजिनाला दहा-सहा हा सरधोपट पंखा, डोळे मिटून लावावा असा. पण तुमचं विमान जड आणि मैदान तोकडं, म्हणून अकरा-पाच पाठवते आहे. सायकलला चढावर हलका गिअर टाकतो ना, तसंच हे. वेग कमी मिळेल, पण विमान लवकर उठेल आणि झाडांच्या आधी वर जाईल. पहिल्या चार-पाच टाक्या इंधन संपेपर्यंत नवं इंजिन जमिनीवरच चालवा, तेव्हा दहा-पाच लावा, तोही सोबत ठेवलाय. बोटाने फिरवून सुरू करू देऊ नकोस तिला, काठी वापरा. आणि पंख्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, मागे राहायचं, हे तिला रोज सांग, वीट येईपर्यंत सांग.

दोन्ही पंखे काट्यावर लावून पात्यांचं वजन मीच समतोल केलंय.

अण्णा बरे आहेत. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. चष्म्याचा नंबर बदलायचा म्हणतात. बाकी काही नाही.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

चि. बारक्या,

विमान उठलं हे वाचून इतकं बरं वाटलं की मी ते वाक्य दोनदा वाचलं. आणि झाडात अडकलं हे वाचून हसू आलं. पहिलं विमान झाडात अडकलं नाही असा माणूस मी अजून पाहिला नाही. आमच्या भाचीबाईंना सांग, पंख्याला जरासा टवका गेला असेल तरी तो आता वापरायचा नाही. दुसरा अकरा-पाच पाठवते आहे.

तू खोदून विचारलंस. 'एकाच डोळ्याचा नंबर कसला बदलायचा, नीट लिही' असं. बरं, नीट लिहिते. डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे दोनदा जाऊन आलो. अण्णांच्या चांगल्या डोळ्यात पडद्यामागे रक्त झिरपतंय. त्यांना सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची चौकट मधेच पोक काढते, असं ते म्हणतात. बाई म्हणाल्या, यात कडा राहतात आणि मधलं जातं. म्हणजे चालता-फिरता येईल, पण समोर धरलेलं दिसणार नाही, अक्षर नाही आणि माणसाचा चेहराही नाही. डोळ्यात सुया देणार आहेत. थांबलं तर थांबेल. नाही थांबलं तर काही महिने.

अण्णा घाबरलेत, पण दाखवत नाहीत. पंखा काट्यावर लावतात आणि मान कलती करून तिरप्या नजरेने बघतात. मी विचारलं की म्हणतात, मान अवघडली आहे. त्यांच्याच घरात राहून मला हे कळू नये असं त्यांना वाटतं.

तू ये. अण्णांना दिसतंय तोवर ये. मला दुसरं काही सांगायचं नाही. फोन नंबर कळव, म्हणजे मी फोनवरच भांडेन.

तुझी ताई

२६ फेब्रुवारी

चि. बारक्या,

नंबर दिला नाहीस. ठीक आहे. तुझं उत्तर मात्र मिळालं: 'ज्यांनी हाकललं त्यांनी बोलवावं.'

अण्णांना मी विचारलं, त्याला बोलावू का म्हणून.  ते म्हणाले, डोळा माझा गेला आणि बोलवायचंही मीच का? त्याने एकदा म्हणावं, चुकलं. एकोणीस वर्षांत एकदा तरी म्हणावं.

दोघेही एकाच मातीचे. तुम्हा दोघांच्या मधे बसून माझा जीव मेटाकुटीला आलाय. त्यांच्या पुढ्यात तुझी बाजू घ्यायची, तुझ्या पत्रात त्यांची.

बारक्या, मी सगळं पुन्हा उगाळत नाही. तुला सगळं पाठ असणार. मागच्या अंगणातला तो इंजिनं चालवून बघायचा ओटा, शर्यतीच्या दिवशीची सकाळ, अण्णा म्हणत होते दहा-सहा लाव आणि तू कपाटातून नऊ-सहा काढून लावलास. छोटा पंखा, जास्त फेरे, जास्त वेग. इंजिन किंचाळायला लागलं तसे अण्णा इंधन कमी-जास्त करायची सुई पिळायला खाली वाकले. त्या जुन्या इंजिनाची सुई पंख्याला अगदी चिकटून होती. पातं उडालं आणि त्यांच्या डाव्या डोळ्यात गेलं. दवाखान्यातून आल्यावर सगळ्यांसमोर ते तुला जे बोलले ते फार बोलले. तू महिन्याभरात घर सोडलंस, तेही फार केलंस. दोघांचंही जास्तच झालं.

पण आता ते म्हातारे आहेत आणि तू नाहीस. मोठं मन कर. एक ओळ लिही त्यांच्या नावाने. 'अण्णा, माझा पंखा चुकला.' एवढंच. त्याने तुझं काय जाणार आहे? मी वाचून दाखवेन, कारण आता त्यांना स्वतःला वाचता येत नाही. पहिली सुई झाली. फरक नाही.

तुझी ताई

१५ मार्च

चि. बारक्या,

अण्णांच्या नावाचं पाकीट मिळालं. वाचून दाखवते. जरा त्यांची तब्येत बघून दाखवते, सध्या दुसऱ्या सुईनंतर डोळा दुखतो, चिडचिड करतात. घाई नको.

भाचीने विचारलंय की आता तिला जरा वेगात उडवायचंय तर काय लावावं. म्हणावं, दहा-सहावर ये. एकदम नऊ इंचावर उडी नको. दहा-सहा पाठवते आहे. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले, पंचवीसच्या इंजिनाला अकरा इंची पंखा हवा म्हणून हटून बसले, का तर तो भिंतीवर शोभतो. मी म्हटलं, मग भिंतीवरच लावा, इंजिनाला नको. अण्णा आतून खो खो हसले.

बाकी सगळं ठीक.

तुझी ताई

१० एप्रिल

बारक्या,

आज अण्णांना तुझं पत्र वाचून दाखवलं. पाकीट माझ्या हातात पडून सव्वीस दिवस झाले होते. त्यातला एकही दिवस त्यांची तब्येत हे कारण नव्हतं. मागच्या पत्रात मी तुला धडधडीत खोटं लिहिलं.

तू मी सांगितलेली एक ओळ लिहून थांबला असतास तर मी कदाचित निर्लज्जपणे वाचून दाखवलीही असती. पण तू पानभर लिहिलंस. तू लिहिलंस की त्या दिवसानंतर तू स्वतःच्या मनाने एकही पंखा निवडला नाहीस. मुलीने विमान मागितलं तेव्हा इंजिन आणलंस, विमान जोडलंस आणि पंख्यापाशी येऊन हात थांबला, म्हणून नाव न लिहिता दुकानाला कार्ड टाकलंस. आणि मी तुझी थट्टा केली होती, हे तू विचारावंस म्हणून. ते पान घेऊन मी रोज अण्णांच्या खोलीपर्यंत जायची आणि रोज परत यायची. 

आता ऐक. मी कामाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. अण्णा शेजारी बसलेत. त्यांनीच सांगितलंय, सगळं लिही, काही वगळू नकोस.

तो नऊ-सहाचा पंखा फुटका होता. मला माहीत होतं.

शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी तो माझ्या हातून निसटून टेबलाला बसवलेल्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यावर पडला. दोन दुपारी घालवून मी तो समतोल केला होता. एका पात्याला मुळाशी टवका गेला आणि नख फिरवलं तेव्हा केसाएवढी चीर लागली. आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे. टवका गेलेला पंखा त्याच जागी दोन्ही हातांनी मोडायचा आणि मगच टोपलीत टाकायचा, म्हणजे चुकूनही कोणी उचलून लावणार नाही. अण्णा गिऱ्हाइकाच्या हातातला पंखासुद्धा मोडायचे, गिऱ्हाईक बोंबललं तरी. मी मोडला नाही. मला त्या पंख्याचं कौतुक होतं. आपल्या हाताला फार येतं असा माज होता मला तेव्हा. चिरेत पातळ गोंद सोडला, टवका घासून काढला, समोरच्या पात्याचं तेवढंच लाकूड उतरवलं, दोन हात रोगण दिलं. काट्यावर लावला तर अस्सा स्थिर राहिला की मीच माझ्यावर खूश. काटा वजन सांगतो. लाकूड आतून धड आहे की नाही ते काटा सांगत नाही. हे अण्णांनी मला मी बारा वर्षांची असताना शिकवलं होतं. तरी मी तो नऊ-सहाच्या खणात ठेवला. नऊ-सहा कोण नेतंय, असं वाटलं. मग तू खण उघडलास.

मी तिथेच उभी होते. तू पंखा लावत होतास तेव्हा मी ओळखला नाही, हे मात्र खरं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तू ठरव. पातं उडाल्यावर ओळखला. सगळे अण्णांकडे धावले, तूही धावलास. ते पातं माझ्या पायाशी येऊन पडलं होतं. तुटलेल्या कडेवर माझ्या गोंदाचा पिवळा थर होता. मी ते उचललं आणि मोरीच्या गटारात टाकलं.

नऊ-सहाने इंजिन जास्त फिरलं असतं, तापलं असतं, फार तर बंद पडलं असतं. धड पंखा तेवढ्याने फुटत नाही. शर्यतीसाठी तू निवडलास तो पंखा बरोबर होता. हे मला त्या दिवशीही कळत होतं, आणि अण्णा तुला बोलत होते तेव्हा मी मूग गिळून उभी होते. पहिल्या दिवशी भीती होती. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. महिन्याभराने तू गेलास, आणि मग सांगायचं कोणासाठी, असं मी स्वतःला समजावलं. पुढे अण्णांचा एक डोळा मीच आहे असं येणारे-जाणारे म्हणायला लागले. ते ऐकायला मला आवडायचं, बारक्या. आणि फेब्रुवारीत मी तुला माफी मागायला सांगितली. मीच. याच्याइतकं हलकट मी काही केलेलं नाही.

आज सकाळी अण्णांना आधी हे सगळं सांगितलं, मग तुझं पत्र वाचलं.  ते म्हणाले, "पातं कुठे गेलं असं मी दवाखान्यात विचारलं होतं. तू म्हणालीस, सापडलं नाही."

मी हो म्हटलं.

मग म्हणाले, "मी त्याला नक्की काय बोललो होतो, ते सांग."

मी सांगितलं. ज्याला पंखा निवडता येत नाही त्याने माझ्या इंजिनाला हात लावू नये. माझ्यासमोर उभा राहू नकोस, उरलेल्या डोळ्याला तू दिसायला नकोस. शब्द जसेच्या तसे सांगितले. मला पाठ आहेत.

त्यांनी पुटपुटत सगळं पुन्हा म्हणून पाहिलं. मला म्हणाले, "एवढं बोललो?" आणि उठून आतल्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं. मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता ते म्हणताहेत, लिही, मी बोलावतोय. मी, त्याचा बाप. त्याची चूक नव्हती, चूक असती तरी बोलावलं असतं, असं लिही. हे शेवटचं खरं असतं तर फेब्रुवारीतच बोलावलं नसतं का, असं तुझ्या मनात येईल. माझ्याही आलं. पण ते बोलायची आता माझी लायकी नाही.

ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

ताई

४ मे

बारक्या,

तू तीन दिवस राहिलास आणि माझ्याशी दोनच वाक्यं बोललास. 'पाणी गरम आहे का' आणि 'मी निघतो'. माझी तक्रार नाही. भाची मात्र जाताना माझ्या गळ्यात पडली. तिला तू अजून सांगितलेलं दिसत नाही. सांग. मोठी झाल्यावर बाहेरून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.

तुला कदाचित वाटलं असेल की अण्णा तोंड फिरवून बसले होते. मला ते तुला तिथेच सांगायचं होतं, पण तू माझ्याकडे बघतच नव्हतास. ते तोंड फिरवत नव्हते. समोर बघितलं की तिथे फक्त राखाडी डाग असतो. म्हणून ते तुझ्या कानाच्या बाजूला, खिडकीकडे, मग पुन्हा तुझ्या खांद्याच्या पलीकडे बघत होते. तुझा चेहरा कुठून तरी कडेला सापडतोय का, ते शोधत होते. भाची आली तेव्हाही तेच केलं. शेवटी तुझ्या गालावर हात ठेवला तेव्हा तू समजलास, मला दिसलं. तू गेल्यावर मला विचारत होते, केस पिकलेत का गं त्याचे? मी म्हटलं, कानापाशी पिकलेत. चष्मा आहे? आहे. आईसारखा दिसतो का अजून? मी हो म्हटलं. मग म्हणाले, पोरगी कशी दिसते ते उद्या सांग, आज एवढं पुरे.

तू आणि अण्णा अंगणात इंजिन चालवत होतात तेव्हा मी आत होते. आवाज ऐकला. अण्णा म्हणाले, तू निवड, आणि तू निवडलास. कोणता ते मी विचारलं नाही. आवाजावरून बरोबर होता.

डॉक्टरीणबाईंना मी परवा विचारलं, मार्चमध्येच आला असता तर. त्या म्हणाल्या, पंधरा मार्चच्या तपासणीत खिडकीपाशी बसवलं तर माणूस ओळखू येत होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते गेलं. मी लिहून घेतलं. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून तुलाही लिहिते. पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये होतं ते हेच दिवस.

काल तुझं पत्र आलं. एकच प्रश्न आहे त्यात. 'मी पहिलं कार्ड टाकलं तेव्हा अण्णांना किती दिसत होतं?' 'खरं लिही,' असं खाली लिहिलंस.

खरं लिहिते. कार्ड आलं त्या दिवशी अण्णा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. रस्त्यापलीकडच्या शिंप्याने सकाळी मिशी काढली होती. मी त्याच्याशी दोनदा बोलून आले तरी माझ्या लक्षात आलं नाही. अण्णांनी खुर्चीतून बघितलं आणि मला म्हणाले, अगं, त्याने मिशी काढली बघ, किती लहान दिसतोय.

इतकं दिसत होतं.

ताई